परतीचा अर्धा कागद

३ जानेवारी
वही नवी. पेन लॉजच्या काउंटरवरचं, न विचारता घेतलेलं. उद्या परत ठेवणार.
या हिवाळ्याचे संकल्प: सिगारेट बंद. मशीनमधली गोड कॉफी बंद. एक काम धरायचं आणि सोडायचं नाही. आजवर पाच सोडली, पण ती कामंच तशी होती.
आईचा फोन. मी इथे गाईड आहे असं तिला सांगून दोन महिने झाले. पाहुण्यांना नीट सांभाळतोस ना रे, म्हणाली. म्हटलं, सांभाळतो. खोटं नाही. त्यांच्या आंघोळीचे हौद मी घासतो, छपरावरचा बर्फ मी ढकलतो. अजून एकाही पाहुण्याच्या डोक्यावर पडलेला नाही.
तरी फोन ठेवल्यावर जेवण गेलं नाही. आता गाईड व्हायलाच हवं. म्हणजे खोटं आपोआप खरं होईल.

९ जानेवारी
गेन्जोकाकांना गाठलं. वय एकाहत्तर, चाळीस वर्षं लोकांना डोंगरातल्या तळ्यांवर नेतात, एक गुडघा कामातून गेलेला. म्हटलं, मला हाताखाली घ्या. म्हणाले, "तुमच्या दक्षिणेकडच्या कागोशिमात बर्फ तरी पडतो का रे?" म्हटलं, राख पडते. समोर साकुराजिमा धुमसत असतो, आम्ही अंगण झाडून राख पिशव्यांत भरतो. ज्वालामुखी मला नवा नाही. "मग ये केरसुणी घेऊन," म्हणाले. सगळे हसले. मीही हसलो. मोठ्या मनाने.
शेवटी ठरलं. आकाश मोकळं असेल त्या दिवशी मी एकट्याने लाल फितींच्या खुणा धरून तांब्या तळ्यापर्यंत जाऊन यायचं. काय दिसलं ते सांगायचं. पटलं तर एक फेब्रुवारीच्या ग्रुपबरोबर त्यांच्या जोडीला मी.
बुटांखाली बांधायच्या त्यांच्या जुन्या लाकडी कड्या दिल्या, म्हणजे पाय बर्फात रुतत नाही. आणि बजावलं, "वाटेच्या तोंडाशी पेटी आहे. जाताना फॉर्मचा वरचा अर्धा टाकायचा, परतल्यावर खालचा. तळं नाही बघितलंस तरी चालेल. खालचा अर्धा राहिला तर मला तोंड दाखवू नकोस."
एवढं काय त्यात. कागद टाकायला शाळा लागत नाही.

१३ जानेवारी
आकाश मोकळं. मोजे ओले. गेलो नाही.

१६ जानेवारी
आकाश फारच मोकळं. बर्फावरून ऊन डोळ्यांत जातं. अनुभवी माणूस अशा दिवशी जात नाही, असं मला वाटतं. एक सिगारेट ओढली, वारा कुठला आहे ते बघायला.
काकांनी विचारलं, "काय, तळं इकडे येणार आहे का?"

२० जानेवारी, सकाळी ७.४०
निघालो! पेटीपाशी फॉर्म भरला. वय: २३. कारण: पाहणी. अनुभव: इथे जरा थांबलो. मग 'आठ वर्षं' लिहिलं. राखेची धरली तर जास्तच होतात. परत येण्याची वेळ: दुपारी २. घरचा नंबर: आईचा. वरचा अर्धा पेटीत, खालचा खिशात.
फोन लॉजवर चार्जिंगला राहिला. बरंच झालं. खरा डोंगरवाला फोनवर विसंबत नाही.

सकाळी ९.३०
स्कीच्या लिफ्टच्या शेवटच्या खांबापाशी. डावी कडी दोनदा सुटली. कमरेपर्यंत बर्फ. पुढे पावलं दिसली. मोठी. अस्वल झोपलेलं असतं म्हणतात, पण सगळीच अस्वलं कशाला नियम पाळतील?
तळं इथून दिसत नाही. पण कुठे आहे ते कळलं. कळणं महत्त्वाचं.

सकाळी १०.२०
परत पेटीपाशी. खालचा अर्धा हातात घेतला. त्यावर वेळ लिहायची असते. दहा वीस लिहिलं तर काका म्हणतील, तळ्यावर गेलास की संडासला?
तर दोन वाजता टाकतो. तोवर खालच्या गावातल्या स्नानघरात बसतो. ही फसवणूक नाही, वेळेची जुळवाजुळव आहे.

दुपारी १२.१५
गरम झऱ्यात तासभर. सोबा नूडल्सचा वाडगा. इथल्याच चटयांच्या हॉलमध्ये जरा पाठ टेकतो. फक्त अर्धा तास.

संध्याकाळी ५.१०
जाग आली ती गावाच्या लाऊडस्पीकरने. बाहेर अंधार आणि बर्फ. "तेवीस वर्षांचा तरुण, हिरवं जॅकेट, तांब्या तळ्याकडे गेलेला परतलेला नाही. आठ वर्षांचा अनुभव."
शेजारच्या आजीबाई संत्रं सोलत म्हणाल्या, "आठ वर्षं! तरी डोंगराने सोडलं नाही बघ." दुसऱ्या म्हणाल्या, "आईचं काय होत असेल गं त्याच्या." मग मला दोन फोडी दिल्या. "खा रे. तू नको हं जाऊस असलं काही करायला."
म्हटलं, नाही जाणार, आजी.
हिरवं जॅकेट मी उशाला घेतलं होतं. आतली बाजू बाहेर करून घातलं आणि निघालो. संत्र्याची फोड तोंडात तशीच होती.

२१ जानेवारी
काल लिहवलं नाही.
वाटभर मनात एकच विचार: गुपचूप खालचा अर्धा टाकायचा, त्यांना सापडेल, सगळे हसतील. पेटी उघडीच होती. आत काही नव्हतं. कागद शोधणाऱ्यांनी नेले होते. सहाजण वर गेले होते, त्यांत सगळ्यांत पुढे गेन्जोकाका.
मी धावलो. खांबांच्या पुढे गेलो. पावलांची भीती वाटायचं राहून गेलं. वरून बॅटऱ्या खाली येताना दिसल्या. काका दोघांच्या खांद्यांवर होते. तळ्याच्या काठाशी मला हाका मारताना घसरले होते. तोच गुडघा.
मला बघून त्यांनी बॅटरी माझ्या पायांवर मारली. "दोन्ही पाय आहेत?"
म्हटलं, आहेत.
"हं," म्हणाले आणि बर्फातच बसले. मग त्यांना माझ्या ओल्या केसांतला स्नानघराच्या साबणाचा वास आला असावा. बॅटरी बंद केली. शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

२२ जानेवारी
लॉजच्या मालकीणबाईंनी मिठाईचे सहा डबे हातात दिले, शोधायला गेलेल्या सहाजणांसाठी. म्हणाल्या, "प्रत्येक घरी जायचं. वाकायचं. कारणं सांगायची नाहीत." पहिल्या घरी कारण सांगितलं. दुसऱ्यापासून नाही.
दुधवाला म्हणाला, "अनुभवी माणसाचे पाय लागले आमच्या घराला." त्याची बायको म्हणाली, चहा घेऊन जा. ते जास्त लागलं.
सहावं घर काकांचं. गुडघा उशीवर, कलिंगडाएवढा. एक फेब्रुवारीचा ग्रुप रद्द. डबा घेतला, उघडला, त्यातला एक तुकडा मला दिला.
संध्याकाळी आईचा फोन. तिला परवा लॉजवरून कळवलं होतं. दोन तास ती फोनपाशी बसून होती. आधी मी धड आहे ना ते दोनदा विचारलं. मग म्हणाली, "पण तू तर गाईड आहेस ना रे? मग तुला शोधायला कोण गेलं?"
सांगितलं तिला. हौद, छप्पर, सगळं.
म्हणाली, "छपरावर चढतोस? जपून."

२५ जानेवारी
काकांनी बोलावलं. मला वाटलं, माफी. किंवा गाईड. त्यांनी पेटीची किल्ली दिली. "रोज चार वाजता उघडायची. वरचे अर्धे आणि खालचे अर्धे जुळवायचे. एक जरी कमी पडला तरी धावत माझ्याकडे यायचं. हिवाळाभर. सोडून गेलास तर सांगून जा."

संध्याकाळी ४.३०
चारजण वर गेले, चार खाली आले. जुळले.
पाचवा खालचा अर्धा मी टाकला. चुरगळलेला, तोच. परतीची वेळ: सकाळी १०.२०. कुठवर पोचलो: शेवटचा खांब. खाली 'सूचना' म्हणून एक रकाना आहे. बराच वेळ पेन धरून उभा होतो. मग लिहिलं: पेन काउंटरचं आहे.