आधी पेटी

ता. ४ मार्च

चि. भिंगरीस,
काकाचे अनेक आशीर्वाद वि. वि.

तुझं पत्र पोचलं. चष्मा पुसून पुन्हा वाचलं, तरी मजकूर तोच. म्हणजे जावईबापू घड्याळं दुरुस्त करायची सोडून ओसाड खाणवस्तीत खजिना उकरायला निघाले! अगं, ज्या माणसाला घरातली चप्पल सापडत नाही, त्याला चांदी कुठून सापडणार?

त्या खाणीवर मी माणसं आणि माल वरखाली नेणारा पाळणा चालवायचो. खालची जमीन वाळवी लागलेल्या लाकडासारखी पोकळ झाली, म्हणून सगळ्यांना नेसत्या कपड्यांनिशी हलवलं. खजिनदाराच्या तळघरात चांदीची पेटी राहिली, ही आवई तेव्हाचीच. आज तिथं पहारा आहे, तो उगाच नाही. शिवाय तुमचा ट्रकवाला भागीदार मला गोडबोल्या वाटतो.

जावईबापूंना स्वतःचं दुकान हवंय, हे कळतं. पण दुकान उद्याही होईल. काकू म्हणते, भिंगरीनं कुणाचं ऐकलंय का कधी? तरी लिहिलं.

खुशालीच्या दोन ओळी धाड, म्हणजे म्हातारा सुखानं जेवेल.

तुझा काका


ता. १९ मार्च

ती. काकांस,
शिरसाष्टांग नमस्कार वि. वि.

तुमचं पत्र आम्ही घरी परतल्यावर दाराखाली सापडलं. आम्ही आधीच निघालो होतो.

वस्तीत खिडक्यांना अजून पडदे आहेत. एका घरात टेबलावर कपबशा तशाच मांडलेल्या. खजिनदाराच्या तळघराचा जिना ढासळला होता, म्हणून हे ट्रकला बांधलेल्या दोरानं खाली उतरले. पेटी खरंच होती. मी टाळ्या वाजवल्या. त्याची आता लाज वाटते.

तेवढ्यात पहाऱ्याची गाडी वळणावर दिसली. दोर एकच. पाळण्यात आधी माणूस, मग माल, हे तुम्हीच लहानपणी शिकवलेलं. पण खालून हेच ओरडले, आधी पेटी ओढा, मी कुठं पळून जातोय! मी ट्रकवाल्याला हात केला. पेटी वर आली आणि तळघराची फरशी यांच्यासकट खचली.

ट्रकवाला पेटी आणि दोर घेऊन पसार झाला. पेटीत काय होतं, मला ठाऊक नाही. ज्यांच्या भीतीनं घाई केली, त्या पहारेकऱ्यांनीच यांना बाहेर काढलं. जीव वाचला, पण उजवा हात मनगटापासून गेला. घड्याळजीचा हात, काका.

हे चिडत नाहीत. काल एवढंच म्हणाले, "मी म्हणालो खरा, पण तू ऐकलंस." तेव्हापासून भिंतीकडे तोंड करून पडून आहेत. मी काय उत्तर देऊ?

काकूंना नमस्कार. माझ्यावर रागवा, पण मला टाकू नका.

तुमची भिंगरी


ता. २४ मार्च

चि. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद वि. वि.

तुझं पत्र काकूला वाचून दाखवता येईना. तिनं माझ्या हातून घेतलं आणि स्वतःच वाचलं.

उत्तर देऊ नकोस, बाळ. त्यानं म्हणायला नको होतं, तू ऐकायला नको होतंस. दोघंही एकाच दुकानासाठी चुकलात, हे त्यालाही कळतं. पण आत्ता कळून उपयोग नाही. तो भिंतीकडे बघतोय तर बघू दे. तू खोलीतून हलू नकोस. त्याची बटणं लाव, घास भरव, आणि जमलं तर गप्प राहा. तुला ते जड जाईल.

दोघं इकडे या, असं लिहिणार होतो. पण तो नको म्हणेल आणि तू ऐकशील. म्हणून आम्हीच निघालोय.

माया दोघांवर सारखीच आहे, हे त्याला सांग.

तुझा काका