लाईट गेली, अंबुबाई नाही

प्रति,
मा. पोलीस निरीक्षक साहेब,
वाहतूक शाखा, सोलापूर.

अर्जदार : बिरुदेव येडू वाघमोडे, रा. मंद्रूप, ता. दक्षिण सोलापूर.

विषय : गाडी चालवताना फोनवर बोलल्याचा राहून गेलेला दंड लावून मिळणेबाबत.
संदर्भ : विजापूर रस्त्यावर न फाडलेली पावती.

महोदय,

अर्जदार खाली मान घालून लिहितो की, गेल्या सोमवारी तो फटफटीवरून गावाकडे निघाला होता. फोन फेट्यात कानाशी खोवलेला होता. दोन्ही हात हँडलवर असल्याने हा गुन्हा नव्हेच, असा त्याचा समज होता. पलीकडून भाऊ शहाजी मळ्यातली लाईट गेल्याचे सांगत होता. अर्जदार मोठ्याने म्हणाला, "गेली? कवा गेली? आरं, सकाळी तर चांगली हुती की!"

तेवढ्यात वाहतूक पोलीस दिपालीताईंनी हात करून गाडी बाजूला घेतली. "कोण गेलं, मामा?" असे त्यांनी मायेने विचारले. "लाईट" म्हटले असते तर पावती फाटून विषय मिटला असता. परंतु अर्जदाराची जीभ गावात नावाजलेली आहे. तो म्हणाला, "मंडळी." ताईंनी दंडाचे मशीन बाजूला ठेवले, पाणी पाजले आणि सावकाश जा म्हणून बजावले.

दुसऱ्या दिवशी, लायसन्सवरचा पत्ता ध्यानात ठेवून, ताई पिठलं-भाकरी घेऊन दारात हजर. मयताच्या घरी चूल पेटत नाही, म्हणून शेजारपाजारचे आणतात, तसे. दार अंबुबाईने, म्हणजे सदर मयत पत्नीनेच, उघडले. अर्जदार आतून ओरडला, "ही तिची जुळी भण, मैंदर्गीची!" ताईंनी अंबुबाईला मिठी मारली. "माझी आई गेली तवा आमच्या दारात कुणी भाकरी आणली न्हाय, मावशी," असे म्हणून त्या रडल्या. अंबुबाईने त्यांचे डोळे पुसले आणि स्वतःच्याच मयताची भाकरी त्यांच्यासमोर बसून खाल्ली.

ताई गेल्यावर अंबुबाई म्हणाली, "मेलेलं माणूस भाकऱ्या थापत न्हाय. आन् त्या पोरीच्या रडण्याची चेष्टा केलीसा, ती कशी निस्तरणार?" तेव्हापासून घरात चूल बंद, बोलणे बंद.

दिपालीताई दहाव्याला रजा काढून येणार आहेत. त्याआधी खरे सांगावे म्हणून अर्जदार दोनदा नाक्यावर जाऊन आला. परंतु तोंड उघडताच एकदा मयताचा आजार बाहेर पडला, दुसऱ्यांदा तिचे शेवटचे शब्द. सबब तोंडावर भरवसा न ठेवता हा लेखी अर्ज.

तरी फोनचा दंड, हेल्मेटऐवजी फेटा बांधल्याचा दंड आणि कायद्यात बसत असल्यास जित्या बायकोला मारल्याचा दंडही अर्जदारास लावावा. सूट दिली म्हणून दिपालीताईंना जाब विचारू नये. त्यांची चूक एवढीच, की एका म्हाताऱ्याचे बोलणे त्यांना खरे वाटले.

आपला नम्र व खोटा विधुर,
बिरुदेव वाघमोडे
दि. १४/११/२०२५

सोबत :
१. आधार कार्डाची झेरॉक्स.
२. सौ. अंबुबाई, हयात, समक्ष. बाहेर बाकावर बसली आहे. दिपालीताईंना बोलावून घ्यावे, पुढचे तीच सांगणार आहे. अर्जदाराला तिने गेटाबाहेर थांबायला सांगितले आहे.