बाई, ती बुरशी होती

बाई, काल वर्ध्याच्या दवाखान्यात तुमची आठवण आली, आणि अशी आली की माझा नंबर पुकारला तरी मी बसूनच. लिंबोणीच्या झाडाची छाटणी करताना अंगठ्यात काटा रुतला होता. जखम भरेना, मग मनगटापासून कोपरापर्यंत गाठी उठल्या, एक लहान, एक मोठी, पुन्हा लहान. मी आपला त्यांत लघु-गुरू मोजत बसलो, तुम्ही शिकवलेले. डॉक्टरीणबाई माझ्या नातीच्या वयाची. तुकडा काढून तपासायला पाठवला होता तिनं. म्हणाली, "आजोबा, ही बुरशी आहे. काट्यासोबत आत जाते. क्वचित कुणाच्या सगळ्या अंगात पसरते, अगदी हाडापर्यंत. तुमची वेळेत सापडली, गोळ्यांनी जाईल." मी विचारलं, "घरच्यांले लागते का?" "नाही हो, ही माणसापासून माणसाला होत नाही."

होत नाही, बाई.

तुमच्या हातावरही अशीच ओळ होती. शाळेच्या बागेला बोराटीच्या काट्यांचं कुंपण तुम्हीच घालायच्या. आधी तुम्ही पोलक्याच्या बाह्या लांब शिवून घेतल्यात, मग मानेवर, गालावर फोड आले, आणि गावानं महारोग ठरवून टाकला. तुमचाच विद्यार्थी, तुमच्याच शाळेत नवा मास्तर झालेलो मी. शिक्षकखोलीत तुमचा कप वेगळा ठेवला गेला, तेव्हा मी मान खाली घालून वह्या तपासत राहिलो. पुढे तुम्ही केळझरला घरीच बसलात. एका रविवारी मी येतो, तुम्ही ओट्यावर आहात, खूप वाळलेल्या. "या गुरुजी! पोरांले कवितेची चाल शिकवता, का नुसती उत्तरं लिहून देता?" तुम्ही चहा ठेवायला उठता आणि मी घाईनं म्हणतो, "बाई, मी चहा सोडला."

"काऊन रे? लग्नाच्या आधीच?"

हसता हसता तुम्ही थांबता. आत जाता, पदरात धरून एक संत्रं आणता, माझ्यापुढे ठेवता. "घे. सालीसकट आहे. आत माझा हात नाई लागला." रागानं नाही, वर्गात अडखळलेल्या पोराची ओळ तुम्ही हळूच पुढे म्हणायच्या ना, तसं. होळीच्या आत तुम्ही गेलात.

हा कागद टाकायला पेटी नाही, ठाऊक आहे मला. संत्रं फार गोड होतं, एवढं लिहून थांबणार होतो. पण सोलण्याआधी मी ते स्टँडवरच्या नळाखाली धुतलं होतं, बाई. दोनदा.