बाणूबाईचा निरोप

वाडी, खटकचिंचोळीजवळ,
तालुका भालकी
दि. १२ नोव्हेंबर २०२५

चि. सिद्धराम यास,

उमाजीकडून पत्र. वर "इकडील सर्व मंडळी खुशाल, आपली खुशाली कळवावी" असं लिहून खोडलंय, तेवढी खाडाखोड चालवून घे. सातवीपर्यंत मराठी शाळेत गेलो, तिथं गुरुजींनी पत्राची हीच रीत शिकवली होती. हात सवयीनं लिहून गेला, नंतर वाचलं तेव्हा कळलं काय लिहिलं ते.

फोन तू उचलत नाहीस. परवा बाजारात नागप्पा भेटला. म्हणाला, "सिद्धू रजा टाकून गावी बसलाय अप्पा. स्टिअरिंगला हात लावायला तयार न्हाई. कुणासंगं बोलंना झालाय." तुझं गाव आळंदकडं कुठं आत आहे ते मला ठाऊक नाही, म्हणून हे पाकीट त्याच्याच हाती देतोय. वाटेत त्यानं फोडून वाचलं तरी माझी हरकत नाही. एवढी वर्षं तुझा कंडक्टर होता, या घरचं मीठ त्यानंही खाल्लंय.

कशासाठी लिहितोय ते आधीच सांगून टाकतो, नाहीतर मी शिळोप्याच्या गप्पा लिहीत बसेन आणि कागद संपेल. तुझ्या अव्वानं, तू आई मानलेल्या माझ्या बाणूनं, जाताना तुझ्यासाठी एक निरोप दिला होता. तो मी तुला दिला नाही. विसरलो नव्हतो. द्यायचाच नव्हता. आज देईन म्हणून बसलोय, बघू कुठवर जमतं.

गावाकडचं सांगायचं तर सोयाबीन पावसानं काळं पडलं, तूर बरी दिसते. शेळ्या आता रूपा बघते. भावाची नात म्हणून नाही सांगत, पोरगी गुणाची आहे. पण भालकीचं कॉलेज तिनं सोडलं. तू आणायचास ती रात्रीच्या मुक्कामाची गाडी संक्रांतीला बंद झाली, म्हणजे सकाळची पहिली गाडीही गेलीच. महिना दीड महिना टमटमच्या मागं लोंबकळत गेली, मग तिच्या बापानं पुस्तकं माळ्यावर टाकली. तुझी गाडी ज्या लिंबाखाली उभी राहायची, तिथं आता लोकांनी कडबा रचलाय. जागा रिकामी दिसली की आपल्या लोकांना दम निघत नाही.

गाडी परत मागायला आम्ही गावकरी डेपोत आलो होतो, तेव्हा तू लांब उभा होतास. ओळख दाखवली नाहीस, ते बरोबरच होतं. साहेब आमच्याशी नीट बोलले, खोटं कशाला सांगू. म्हणाले, "मुक्कामाच्या गाडीत उत्पन्न नाही. सरकारनं बायकांना प्रवास फुकट केलाय, त्यांचं तिकीट शून्याचं, गडीमाणसं चार. वर ड्रायव्हर-कंडक्टरचा रात्रभत्ता. वेळापत्रक वरून येतं, माझ्या हातात काही नाही." मी म्हटलं, "साहेब, आमच्या आज्यानं मेंढरं राखली. एक मेंढरू मागं राहिलं तर सगळा कळप थांबायचा. तुमचा कळप लई मोठा दिसतोय." साहेब हसले. सगळ्यांना चहा पाजला. गाडी काही दिली नाही.

बाणूला त्या शून्याच्या तिकिटाचं किती कौतुक होतं ते तुला मी काय सांगावं. जन्मात हुमनाबादच्या पलीकडं न गेलेली बाई, आधार कार्ड पदराला बांधून बिदरला जाऊन आली, गुलबर्ग्याला जाऊन आली. कडगंचीला युनिव्हर्सिटीच्या गेटपर्यंत जाऊन आली. का, तर पुढं रूपाला तिथं घालायचंय, जागा कशी आहे बघून येते. मी चिडवलं, "आता आपल्या पोराला, माउलीला भेटायला हैदराबादलाबी फुकटच जाशील." तर म्हणाली, "तिकडं कर्नाटक संपतंय. तिकीट लागतंय. मला काय येडी समजलाव का?" म्हातारपणी पाय फुटले होते तिला. नंतर तिकीट शून्याचंच राहिलं आणि गाडी गेली. फाट्यापर्यंत चालून, तिथं जे मिळेल त्याला हात करायचा, एवढंच उरलं.

पोटचा माउली दिवाळीला येतो. तू रोज मुक्कामाला यायचास. वळणावर हॉर्न ऐकला की ती तवा ठेवायची आणि मला सांगायची, "आला बघा." माझ्या ताटात पुंडीची भाजी कमी पडली तरी चालायचं, तुझ्या ताटात नाही. कडक भाकरी तुला चावत नाही म्हणून तुझ्यापुरत्या मऊ भाकरी थापायची. गाडी बंद झाल्यावरही कितीतरी दिवस तिचा हात आवरला नाही, दोन भाकरी जास्तच व्हायच्या. मी म्हणायचो, "ड्रायव्हर गेला. आता त्या भाकरी डेपो मॅनेजरला पाठव." आधी हसायची. मग एक दिवस हसली नाही, तेव्हापासून मी बोलायचं सोडलं.

आता त्या दिवसाचं लिहितो. आपण दोघं त्याबद्दल कधी बोललो नाही. बोलणार तरी कसे, तू आलाच नाहीस.

दसऱ्याच्या आधीची गोष्ट. सकाळी शेळीची धार काढता काढता ती भिंतीला टेकून बसली. पाठीत भरून आलंय म्हणाली. अंगाला दरदरून घाम सुटला होता. अँब्युलन्सला फोन केला, ती दुसऱ्या पेशंटला घेऊन लांब गेली होती. गावातली एकुलती एक जीप देवीच्या दर्शनाला माणसं घेऊन गेलेली. मग रूपानं स्कूटी काढली. पुढं ती, मधे बाणू, मागं तिला धरून मी. फाट्यावर आलो. मुक्कामाची गाडी गेल्यावर तुला दिलेली भालकी-गुलबर्गा एक्स्प्रेस त्याच सुमाराला जाते, हे आमच्या घरात सगळ्यांना पाठ होतं. हुमनाबादला दवाखाना, आणि गाडीचा मधला एकच थांबा तोही हुमनाबाद. मला वाटलं, देवच पावला.

बाणूला पुलाच्या कठड्यावर बसवलं. तिनं पदर नीट केला, केस सारखे केले. दुखणाऱ्या माणसाचा चेहरा तिला जमायचाच नाही. गाडी दिसली तशी रूपा रस्त्याच्या मधोमध गेली, दोन्ही हात वर केले. "आजोबा, सिद्धूअण्णाच हाय!" म्हणून ओरडली.

गाडी मंदावली. मला गाडी चालवता येत नाही, पण एवढी वर्षं तुझी गाडी माझ्या दारात आली-गेली. गिअर उतरलेला मला आवाजावरून कळतो. उतरला होता. रूपा बाजूला झाली. मग तो परत चढला, आणि गाडी निघून गेली.

तेव्हा "मला दिसलं नाही" असं तू मला कधी म्हणू नकोस. बाकी काय म्हणायचं ते म्हण.

पुढं टमाट्याच्या क्रेटचा टेम्पो आला, त्यानं घेतलं. हुमनाबादच्या अलीकडंच तिनं मान टाकली. डॉक्टर म्हणाले, थोडं आधी आला असता तर. हे ते सगळ्यांनाच म्हणत असतील. नसतीलही. माउली हैदराबादहून आला, माती झाल्यावर मला म्हणाला, "अप्पा, त्या ड्रायव्हरचं नाव सांगा. कंप्लेंट टाकतो, नोकरी घालवतो त्याची." मी म्हटलं, नाव माहीत नाही. रूपाकडं बघितलं, तीही गप्प बसली. तुला वाचवायला मी खोटं बोललो असं समजू नकोस. माझा राग मला दुसऱ्या कुणाला वाटून द्यायचा नव्हता.

आणि सिद्धू, तू का थांबला नाहीस ते मला माहीत आहे. तेच तर माझ्या घशात अडकलंय. कारण माहीत नसतं तर तुला मनसोक्त शिव्या दिल्या असत्या आणि मोकळा झालो असतो.

उन्हाळ्यात तिला बाजाराला जायचं म्हणून तू फाट्यावर गाडी थांबवलीस. थांबा नसताना थांबवली, म्हणून गाडीतल्याच कुणीतरी मोबाईलवर घेतलं, वर पाठवलं, तुला मेमो आला आणि पंधरा दिवस घरी बसवलं. नागप्पानं सांगितलं तेव्हा बाणूला दोन दिवस अन्न गोड लागलं नाही. "माझ्या पायी लेकराच्या पोटावर पाय आला" हेच एक. मग तू कामावर रुजू झाल्याचं कळलं तशी हुमनाबादच्या स्टँडवर जाऊन बसली, तू येईपर्यंत. मी सोबत होतो. चारचौघांत तुझा हात ओढून स्वतःच्या डोक्यावर ठेवला. "माझी शपथ हाय सिद्धू. फाट्यावर मी दिसली, हे दिसले, कुणीबी हात केला, थांबायचं न्हाई. थांबलास तर माझं मेलेलं तोंड बघशील."

तू म्हणालास, "अव्वा, असली शपथ कामून घालायलीस?"

ती म्हणाली, "म्हण आधी, थांबणार न्हाई म्हण." आणि तू म्हणालास.

ती मरू नये म्हणून तू थांबला नाहीस. गिअर उतरवून परत चढवताना तुझ्या मनात हेच असणार, दुसरं काय असणार? आम्ही बाजारालाच निघालोय असंही वाटलं असेल. ती बसलीच होती तशी, नीटनेटकी. हे सगळं मला कळतं. रात्री अंथरुणावर पडलो की तुझी बाजू मीच मांडतो आणि मीच ती खोडून काढतो. पण तू मातीला आला नाहीस. तिचं मेलेलं तोंडही बघितलं नाहीस. शपथ एवढी पुरी पाळायची गरज नव्हती.

आता निरोप. इथवर आलोय तर देतो.

गाडी गेली. धुरळा खाली बसायच्या आत मी तोंड सोडलं. "हरामखोर! या घरचं खाल्लं आणि कामून थांबला न्हाई!" रूपा रडायला लागली. बाणूनं माझा हात धरला. तिचा हात गार पडला होता. म्हणाली, "शिव्या देऊ नका. ऐकलं बघा लेकरानं माझं. थांबला असता तर ह्या बारीला नोकरीच गेली असती त्याची. सिद्धूला सांगा, बरं केलास म्हणावं. अव्वा खूश हाय म्हणावं."

हा तुझा निरोप. शब्द तिचेच आहेत, मी एकही बदलला नाही.

मी इतके दिवस दाबून ठेवला तो का, तेही ऐक. एक म्हणजे तुला हे कळलं तर तुझं ओझं कमी होईल, आणि मला ते कमी व्हायला नको होतं. दुसरं सांगायला जड जातंय. ती असं बोलली तेव्हा मी तिच्यावर खेकसलो. "गप बस. तुझ्या त्या सिद्धूचं कौतुक पुरं झालं."

ती गप बसली. टेम्पोत चढवलं तरी गप्प. माझ्या मांडीवर डोकं होतं, डोळे उघडे होते, माझ्याकडं बघत होती, पण बोलली नाही. पुढं बोललीच नाही. लग्नाला चाळीस वर्षं झाली होती. तिचं शेवटचं बोलणं तुझ्यासाठी होतं, आणि माझं तिला शेवटचं बोलणं, गप बस. तेही तुझ्यावरून.

तुला माफ केलं असं लिहायला मी दोनदा बसलो. लिहून होत नाही. यातला राग तुझ्यावरचा किती, माझ्यावरचा किती, आणि हसून चहा पाजणाऱ्या साहेबांवरचा किती, हे मला वेगळं काढता येत नाही. त्यांचं वेळापत्रक तर वरून आलंय. वर कोण बसतं ते मला माहीत नाही, म्हणून सगळा तुझ्या वाट्याला येतो. तू ओळखीचा आहेस, एवढाच तुझा गुन्हा असेल कदाचित.

पण तिनं तुझ्यावर राग धरला नव्हता. हे तुझ्यापासून लपवून ठेवलं तर मी तिचाही गुन्हेगार होईन. शपथ घालणारी आता नाही, म्हणून तिच्या वतीनं मी म्हणतो, सुटली. कामावर जा. भाकरी चुकवू नकोस, तिनं त्यासाठीच एवढं केलं. पुढं कुणी रस्त्यात हात केला तर काय करायचं, ते मी सांगणार नाही. मला ते सांगायची हिंमत नाही.

घरी यावंसं वाटलं तर ये. मी लगेच बोलेन असं समजू नकोस. हाकलणार मात्र नाही. माझ्या समोर बसायचं आणि बाणूचं काहीही, अगदी काहीही, आठवेल ते बोलायचं. या घरात आता तिचं नाव काढणारं कुणी उरलं नाही, आणि एकट्यानं नाव घेतलं की मला माझेच ते दोन शब्द ऐकू येतात.

तिच्या नात्यानं तुझा अप्पा,
माझ्या नात्यानं, अजून तरी, नुसता

उमाजी