हिटरचा हट्ट

३ डिसेंबर

चि. छोटीस अनेक आशीर्वाद.

तुझ्या आईच्या शिवणवर्गाच्या खोलीत एकदाचा गॅसचा हिटर बसला. वायरिंग मीच केलं. कारखान्यात जन्मभर वायरमन म्हणून राबलो, तो घरच्या हिटरला बाहेरचा माणूस बोलावणार होय? स्वतंत्र स्विच, चोख अर्थिंग, थर्मोस्टॅटची वायर मेनपासून वेगळ्या पाइपातून. येऊन बघच, पट्टी ठेवून ओढल्यासारखं काम आहे.

धुराच्या नळीतून गरम हवा फुकट बाहेर चालली होती. तिच्या तोंडावर पत्र्याचं झाकण ठोकलं, नावापुरतं भोक ठेवलं. तेव्हापासून हिटर हट्टाला पेटला, पण स्वतः पेटेना! पंखा नुसता फिरायचा. आत हवेच्या दाबाचा एक चिमुकला स्विच असतो, तोच आडवा येत होता. कंपन्या असले नखरे विक्रीपुरते लावतात. मी त्याच्या दोन टोकांना वायर जोडून त्याला निवृत्त केलं. आता हिटर मुकाट पेटतो.

संध्याकाळी आईचं आणि तिच्या शिष्यांचं डोकं दुखतं म्हणे. खिडक्या लावून इतकं बोलल्यावर दुसरं काय होणार!

लोभ आहेच, तो पत्रांतूनही दिसू दे.

तुझे बाबा


७ डिसेंबर

ती. बाबांस शि. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र उभ्याउभ्याच वाचलं आणि आधी आईला फोन केला. तिने गॅसचा कॉक बंद केला, खिडक्या उघडल्या. आता तुमच्याशी सावकाश भांडते.

झाकणाने धूर कोंडला. ते स्विचला कळलं, म्हणून त्याने गॅस अडवला. घरात तेवढं एकच शहाणं माणूस होतं, त्याचंही तोंड तुम्ही बांधलंत. त्या धुरातल्या विषारी वायूला ना रंग ना वास. डोकं दुखतं, गुंगी येते आणि माणूस तसाच जातो. बाबा, आईला काही होईल या विचाराने मी तिला पुन्हा तीनदा फोन करून खिडक्या उघड्याच आहेत ना, हे विचारलं. आडून सांगितलेलं तुम्हाला ऐकू येत नाही, म्हणून सरळ लिहिते.

झाकण काढा. ती वायर काढा. गॅसवाल्याकडून सगळं तपासून घ्या. वायू साचला की ओरडणारा भोंगा पाठवते आहे, तो खोलीत लावा. सुरक्षेच्या स्विचला कधी वळसा घालायचा नाही, हे मला वायरिंगचं काम शिकवताना तुम्हीच माझ्या पाठीत धपाटा घालून सांगितलं होतं. तो आता परत करायचा, तर संस्कार आडवे येतात.

माया असू द्या, पण आधी खिडक्या उघड्या असू द्या.

आपली छोटी


१५ डिसेंबर

चि. छोटीस आशीर्वाद.

पत्र पोचलं. भाषा जरा जास्त झाली. झाकण तसंही सैल झालं होतं, ते मी माझ्या मर्जीने काढलं. वायर तात्पुरतीच होती, तीही काढली. हिटर स्विचसकट पेटला. गॅसवाला येऊन गेला. त्याने वायरिंगचं तोंडभरून कौतुक केलं, मग ते काढलेलं झाकण आपल्या पिशवीत घालून घेऊन गेला.

हल्ली मी शेजाऱ्यांना या स्विचचं महत्त्व समजावून सांगतो. लोक फार निष्काळजी असतात.

राग नसावा. माझाही नाही.

तुझे बाबा


२१ डिसेंबर

चि. छोटीस आईचे अनेक आशीर्वाद.

यांनी तुला जे कळवलं नसेल, ते मी कळवते. गॅसवाल्याने हिटर वापरायला हरकत नाही म्हणून सांगितलं, भोंगाही लागला, तरी यांनी बायकांना आत येऊ दिलं नाही. आधी स्वतः हिटर लावून, दार ओढून मशिनच्या स्टुलावर एकटेच बसले. मी काचेतून पाहिलं, तर डोळे भोंग्यावर आणि कपाळाला घाम. दार ढकललं तर ओरडले, की बाहेर थांब, काही व्हायचं असेल तर मला होऊ दे.

मला राग आला आणि रडूही आलं. इतक्या वर्षांच्या संसारात माझ्या डोकेदुखीची एवढी धास्ती त्यांनी कधी घेतली नव्हती. मी आत जाऊन दुसरं स्टूल ओढलं आणि विचारलं, की एकटेच कुठे निघालात, तिकडे तुमचं ऐकून घ्यायला कोण आहे?

हसले नाहीत. नुसता माझा हात धरून बसले. सगळा वर्ग काचेला नाक लावून बघत होता, तरी सोडला नाही.

अशीच माया ठेव.

तुझी आई