महाडला न थांबण्याची परवानगी मिळण्याबाबत

घोडपदेव, ता. १२ जानेवारी

आदरणीय कमळाआक्का हिस,

धाकट्या रामदासाचा सप्रेम जय भीम. तुझे गुडघे कसे आहेत? भाऊजींचा खोकला गेला का? आम्ही इकडे मजेत आहोत असं लिहायची पद्धत आहे, म्हणून लिहितो. खरं तर फोनच करणार होतो, पण फोनवर तू मला बोलू देत नाहीस (हे तू नाकारशील, आणि नाकारतानासुद्धा मला बोलू देणार नाहीस), म्हणून हे पत्र.

आमच्या लेकाने, सम्यकने, जीपच्या मागे जोडायचा झोपायचा डबा करून घेतला, त्याचा फोटो तू पाहिलास. आत दोन बिछाने, एक शेगडी आणि आतून लागणारी कडी. बाकीच्यांनी बिछाने पाहिले, शेवंतीने कडी पाहिली. आमची दहा बाय बाराची खोली तू जाणतेस. आधी आई-बाबा, मग शिकायला आलेले पुतणे, मग नोकरी शोधायला आलेले भाचे (त्यातले दोन तुझे, तक्रार नाही, आठवण). लग्नाला चौतीस वर्षं झाली, पण दार लावून घेऊन ही निवांत निजली असं कधी घडलं नाही. गावी लांज्याला निघालो तरी वाटेत कोणाकडे तरी उतरायचं आणि पोचल्या पोचल्या हिने पदर खोचून भाकऱ्या थापायला बसायचं. तेव्हा ती एवढंच म्हणाली, वाटेत एक रात्र मला या डब्यात झोपू द्या, कोणी उठवायचं नाही. मी शब्द दिला.

मग रस्ता आखायला बसलो. गोदीत तीस वर्षं फोर्कलिफ्ट चालवलेला माणूस मी, मला वाटलं, डबा ओढायचा त्यात काय! रे रोडला वखारीच्या गल्लीत तो मागे घेऊन पाहिला. स्टिअरिंग उजवीकडे फिरवलं की डबा डावीकडे जातो, आणि सरळ धरलं की त्याच्या मनाला येईल तिकडे जातो. तो सागाच्या ओंडक्यांवर चढला. वखारवाला रागावलासुद्धा नाही, खुर्ची आणून बघत बसला. तेव्हा नियम केला, की मुक्कामाची जागा अशी हवी, एका फाटकातून शिरावं आणि दुसऱ्यातून निघावं, रिव्हर्सचं नावच नको. जमीन सपाट हवी (नाहीतर रात्रभर माणूस पायाकडे घसरतो), घाट उजेडात संपायला हवा, आणि ताशी पन्नासच्या वर जायचं नाही. हे सगळं जमवून माणगावच्या अलीकडचा एक पेट्रोल पंप काढला. दोन फाटकं, संडास स्वच्छ, मॅनेजर भला माणूस. सगळं वहीत नीट लिहिलं आणि मग अक्कल गहाण टाकून त्या पानाचा फोटो घराण्याच्या ग्रुपवर पाठवला. का, तर रामदास न सांगता गेला असं कोणी म्हणू नये!

अर्ध्या तासात माणगावच्या अभयचा फोन. चुलतभावाचं अंगण सोडून पंपावर झोपणार? त्याच्या अंगणाला फाटक एकच, आणि आत समोर विहीर. म्हणजे एकदा शिरलो की डबा त्यालाच देऊन यायचा. बरं, त्याला हो म्हटलं तर खेडची चंपामावशी रुसली. तिला हो म्हटलं तर चिपळूणवाले. आता जायलाच सहा रात्री लागतात, अभय एक, मावशी एक, चिपळूण एक आणि तू तीन (तू फोनसुद्धा केला नाहीस, ग्रुपवर नुसतं 'महाडला तीन दिवस' लिहिलंस, पुढे प्रश्नचिन्ह नाही). आणि यातली एकही रात्र डब्यात नाही, कारण आमच्या घरात काय काटे पसरलेत का, असं प्रत्येकाने आपापलं विचारून झालंय. मावशीने कोंबडा हेरून ठेवलाय. वाटण वाटायला शेवंती आहेच, असंही तिने प्रेमाने कळवलंय. बैलगाडीने निघालो तरी याच्या आधी पोचू.

शेवंतीने ती नवी यादी वाचली. डब्यात घातलेल्या चादरी काढून, घड्या करून कपाटात ठेवल्या. आक्का, ती भांडली असती तर बरं झालं असतं. मला फार वाईट वाटलं. चौतीस वर्षांत तिने मागितलेली ही एक गोष्ट, आणि ती मी ग्रुपवर घालवली.

भाऊजींना जय भीम, नातवंडांना गोड पापा.

तुझा धाकटा,
रामदास

ता. क. – मुद्द्याचं राहिलंच. पंचवीस तारखेला सकाळी दहाच्या सुमारास आम्ही महाडवरून जाऊ आणि थांबणार नाही. हात हलवू. तुला रुसायचं असेल तर आत्ताच रुसून घे, आणि ग्रुपवर लिही की कोणाकडे उतरू नका असं मीच त्यांना बजावलंय. घराण्यात तू मोठी. तू म्हटलंस की बाकीच्यांची तोंडं आपोआप बंद होतील.

आणखी एक ता. क. – पाकीट चिकटवण्याआधी शेवंतीने पत्र वाचलं आणि माझ्यावर भडकली. म्हणाली, वन्संच्या दारावरून हात हलवत जाणार? त्या पंधराव्या वर्षापासून लोकांना वाढतायत, त्यांना कोणी कधी निजू दिलंय? तेव्हा बेत बदलला आहे. पंप रद्द, अभय, मावशी, चिपळूण सगळे रद्द. मुक्काम एकच, चोवीसच्या रात्री महाडला, तुमच्या मागच्या शाळेच्या मैदानात. एका बिछान्यावर शेवंती, दुसऱ्यावर तू, आणि दोघींना सकाळी कोणी उठवायचं नाही. मी भाऊजींबरोबर तुमच्या घरात. नातवंडांच्या शाळेच्या डब्यापासून सगळं मीच करायचं, असं मला सांगण्यात आलंय. चहाची पावडर कुठे ठेवतेस, एवढं मात्र उलट टपाली कळव.