टिकाऊपणा ८७ टक्के

३ मार्च
आपलं पुढे काय, असं आज तिने विचारलं. तेही तिच्या चष्म्याच्या दुकानात, गिऱ्हाइकासमोर. चार वर्षांच्या प्रेमावर हा अविश्वास! जिव्हारी लागलं. तरी शांतपणे म्हणालो, महिनाअखेरीस पक्कं उत्तर देतो. शेवटी मी बिजागऱ्यांच्या टेस्टिंग लॅबमध्ये आहे. दार लाख वेळा उघडझाप करून बिजागरी किती टिकेल ते मी सांगतो. माणसांचं काय अवघड आहे?

५ मार्च
चाळीस प्रश्नांचा फॉर्म तयार. भांडणं, अबोले, विसरलेले वाढदिवस (तिचे तीन, माझा एकही नाही). आकडा आला ८७ टक्के! लगेच सांगणार होतो, पण लॅबचा नियम आहे: ज्याने टेस्ट केली त्याने स्वतः पास करायचं नाही, दुसऱ्याने तपासायचं. आई म्हणाली, अरे, मुलगी आहे ती, दाराची कडी नव्हे, सरळ लग्नाचं विचार. आईला शास्त्र कळत नाही.

६ मार्च
तपासणीला लंबूला नेमलं. शेजारच्या टेबलावरचा, एकटा जीव, निःपक्षपाती. दुकानात जाऊन तो तिची उत्तरं घेणार. निकाल लागेपर्यंत मी तिला भेटायचं नाही, उत्तरांवर परिणाम होतो. तिला फोनवर तसं कळवलं. तिने फोनच ठेवून दिला. भारावली असावी.

१० मार्च
लंबूचा आकडा ६१. गाढव! नीट विचारलंच नसणार. फेरतपासणीला पाठवला.

१४ मार्च
४८. आवडीनिवडींच्या प्रश्नावर दोघं तीन तास अडकले म्हणे. आकडा चुकीचा आहे, पण लंबूची चिकाटी मानली पाहिजे.

१९ मार्च, सकाळी ९.४०
लंबू चष्मा घालून आला. डोळे ठणठणीत आहेत त्याचे. निरीक्षण बारकाईने व्हावं म्हणून असेल.

२४ मार्च
३०! घोडं कुठे पेंड खातंय, म्हणून विचारलं. तर म्हणे, 'तो तुझं ऐकून घेतो का' या प्रश्नाला ती रडली. मग यानं रुमाल दिला. फॉर्ममध्ये रुमालाचा रकाना नाही.

३१ मार्च
नवा शर्ट घालून दुकानात गेलो. उदार मनाने ८७ च जाहीर करणार होतो. लंबू आधीच काउंटरमागे स्टुलावर. ती म्हणाली, आमचं लग्न ठरलंय. मी विचारलं, कशाच्या आधारावर? म्हणाली, त्याने विचारलं म्हणून.
कुंपणानेच शेत खाल्लं! फॉर्म माझा, प्रश्न माझे, लंबूला धाडणाराही मीच. तो निदान माफ कर म्हणाला. ती तेवढंही म्हणाली नाही.

१ एप्रिल, दुपार
रजा टाकली. पडून राहिलो. रडलोही, उगाच खोटं कशाला लिहू? मग ठरवलं, या दोघांचं वर्षभरही टिकणार नाही हे सिद्ध करून दाखवायचं. तोच फॉर्म, फक्त माझ्या जागी लंबू. आकडा आला ९४. बेरीज चुकली असेल म्हणून पुन्हा केली. ९४.
शेवटी आईला तपासायला दिलं. तिने चष्मा लावून सगळे रकाने बोटाने मोजले आणि म्हणाली, तुझी दोन मार्कांची चूक आहे रे, ९६ होतात.